सोळा जूनचं ऑपरेशन

१५ जून २०२५, रविवार

आज माझ्या भागातली बारा माणसं शिबिराला नेली. हायवेजवळच्या नव्या हॉस्पिटलचं शिबिर, सगळं सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर, मोफत. आशा सेविका होऊन मला सात वर्षं झाली. गरोदर बायका आणि लस टोचायची पोरं सोडली तर एवढी माणसं एका हाकेवर माझ्यामागं कधी आली नव्हती. बस हॉस्पिटलचीच होती. अंबूबाई खिडकीशी बसलेली, केसात गजरा, लग्नाला निघाल्यासारखी.

राजवीर सर म्हणून तिथं योजनेचं काम बघतात. हसरा माणूस. त्यांनी स्वतः सगळ्यांची कार्डं गोळा केली, अंगठे घेतले, फोटो काढले. म्हाताऱ्या माणसांकडं धड मोबाईल नसतात, मेसेज कुठं येणार, म्हणून बाराही फॉर्मवर त्यांनी आपलाच नंबर टाकला. एवढं कोण करतं?

एक गोष्ट मात्र मनाला लागली. स्वप्नाली, शेजारच्या गावची आशा, ट्रेनिंगपासूनची माझी मैत्रीण. राजवीर सरांशी ओळख तिनंच करून दिली. अब्बांना बसमधून उतरताना बघून तिचा चेहराच बदलला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या अब्बांस्नी कशाला आणलंस? त्यांस्नी काय झालंय?"

मी म्हटलं, चढ चढताना दम लागतो त्यांना.

"तरीबी. घरचं माणूस कशाला घालायचं ह्यात? परत घेऊन जा की."

मी नेलं नाही. शिबिर गावासाठी, मग माझा बाप काय गावातला नाही? तिनं तिची सासू आणली नव्हती. तिचं तिच्यापाशी.

सगळ्यांना दोन दिवस देखरेखीखाली ठेवणार आहेत.

१७ जून, मंगळवार

सगळे परत आले. अब्बा खुशीत. सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा दवाखान्यात झोपले म्हणतात. "हिरवा डगला घातला, तोंडाला मास्क लावला, फोटो काढला आणि लगेच मास्क काढला. मी म्हटलं, पावणं, एवढ्यासाठी डगला कशाला? तर नर्सबाई हसली."

तपासणीत काय निघालं विचारलं तर म्हणाले, काही नाही, रक्त घेतलं, छातीला वायरी लावून कागद काढला, एक पांढरी गोळी दिली. हृदय झकास आहे म्हणाले डॉक्टर. जेवण चांगलं होतं, दोन्ही वेळा मोसंबी.

कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात घालून परत आली. फाईल मागितली तर राजवीर सर फोनवर म्हणाले, फायली आम्ही सांभाळतो, घरात हरवतात.

५ जुलै, शनिवार

हॉस्पिटलात सत्कार झाला. शाल आणि प्रमाणपत्र, 'उत्कृष्ट आरोग्यदूत'. स्वप्नालीलाही बोलावलं होतं, ती आली नाही. फोन केला तर म्हणाली, डोकं दुखतंय. तलाक घेऊन माहेरी आले तेव्हा ह्याच गावानं माझ्याकडं कसं बघितलं होतं ते मला आठवतंय. आज अब्बांनी येईल त्याला प्रमाणपत्र दाखवलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुकानात गादीत कापूस भरता भरता अब्बा तिथंच आडवे झाले. घामानं सदरा ओला. शेजारच्यांनी मला बोलावलं, मी १०८ ला फोन केला. गाडी वेळेत आली, त्याबद्दल बोलायला जागा नाही. शहरातल्या सरकारी दवाखान्यात दाखल केलं. हलका झटका आहे म्हणाले.

११ ऑक्टोबर, शनिवार

अँजिओग्राफी झाली. डॉ. स्नेहल म्हणून तरुण डॉक्टरीण आहेत, त्यांनी समजावून सांगितलं. दोन रक्तवाहिन्या अडल्यात, त्यातली एक जवळजवळ बंद. स्टेंट घालावे लागतील. इथं स्टेंट योजनेतूनच येतात, एकदा मंजुरी आली की दुसऱ्या दिवशी करून टाकू. मी म्हटलं, कार्ड आहे, मी स्वतःच काढलंय. गावातली तीनशे कार्डं मीच काढून दिलीत.

अब्बांना सांगितलं, काळजी करू नका. ते म्हणाले, "सरकारचा कागुद हाय की आपल्याकडं, काळजी कसली."

१३ ऑक्टोबर, सोमवार

मंजुरी नाकारली.

खिडकीवर कृष्णात म्हणून आरोग्यमित्र बसतो. योजनेचं ऑनलाईन काम त्याच्याकडं. त्यानं दोनदा बघितलं, मग मला विचारलं, "ताई, पहिल्या ऑपरेशनची फाईल कुठाय?"

"कुठलं पहिलं ऑपरेशन?"

"ह्यांना एक स्टेंट आधीच बसवलाय न्हवं. सोळा जूनला. विमा कंपनी म्हणतीय, चार महिन्यात परत कशाला? जुन्या ऑपरेशनची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड पाठवा."

मी म्हटलं, तुमची चूक झाली असेल, नावाचा गोंधळ असेल. मीरासाब नावाची माणसं पुष्कळ आहेत. त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. अब्बांचा फोटो होता, हिरव्या डगल्यातला, तोंडाला मास्क. खाली हॉस्पिटलचं नाव, आणि नातेवाइकाच्या जागी माझं.

मी काय बोलले ते आठवत नाही. मागं रांगेत उभा असलेला माणूस म्हणाला, बाई, तुमचं झालं असंल तर सरा की.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रात्रभर मी स्वतःला समजावत होते की त्यांनी खरंच घातला असेल आणि अब्बांना कळलं नसेल. सकाळी डॉ. स्नेहलना विचारलं. त्यांनी कॉम्प्युटरवर शनिवारची फिल्म लावली. काळ्यापांढऱ्या फांद्यांसारखं काहीतरी हलत होतं.

"स्टेंट असता तर इथं जाळीसारखा दिसला असता. ह्यांच्या हृदयात आजवर कुणी काही घातलेलं नाही."

"मग कागदावर कसं?"

त्यांनी फिल्म बंद केली. "आशा आहात ना तुम्ही? शिबिराला कोण घेऊन गेलं होतं?"

मी म्हटलं, मी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हायवेच्या हॉस्पिटलात गेले. पावणेदोन तास बसवून राजवीर सरांनी आत घेतलं. चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टिमची चूक असते ताई कधीकधी. मी बघतो."

मी म्हटलं, चूक असेल तर तसं पत्र द्या, मी आत्ताच घेऊन जाते.

"पत्र असं लगेच मिळत नाही. वरून परवानगी लागते. दिवाळी झाल्यावर या."

बाहेर पडताना बघितलं, नवीन बस आली होती. पन्हाळ्याकडची माणसं उतरत होती. पुढं एक आशा होती, बहुतेक माझ्याच वयाची, सगळ्यांची कार्डं हातात धरलेली. मी तिच्याशी बोलायला हवं होतं. राजवीर सर दारात उभे होते. मी बोलले नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

अब्बांना घरी सोडलं. गोळ्या चालू, मंजुरी आली की परत दाखल व्हायचं. योजनेच्या हेल्पलाईनवर तक्रार दिली. मुलगी गोड बोलली, तक्रारीचा नंबर दिला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सगळीकडं सुट्ट्या. आज हेल्पलाईनचा मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' परत फोन केला. दुसरी मुलगी म्हणाली, हॉस्पिटलकडून खुलासा आलाय, रुग्णावर उपचार झालेत, म्हणून तक्रार बंद. मी म्हटलं, अगं, ज्यांच्यावर तक्रार आहे त्यांनाच विचारलंत तुम्ही? ती म्हणाली, मॅडम, आणखी काही मदत करू का?

अब्बा आता संडासला जाताना दोनदा थांबतात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

जिल्ह्याच्या योजनेच्या कार्यालयात गेले. पहिल्यांदाच कुणीतरी नीट ऐकलं. साहेब स्वतः डॉक्टर आहेत. माझं बोलणं संपेपर्यंत एकदाही फोन उचलला नाही. मग त्यांनी पंधरा जूनच्या शिबिराची यादी काढली.

बाराच्या बारा नावं. कुणाला स्टेंट, कुणाचा मूतखडा काढलेला. अंबूबाईच्या नावापुढं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. अंबूबाई रोज माझ्या दारावरून काठी टेकत डेअरीला जाते. डिसेंबरात तिच्या ह्याच गुडघ्याचं करायचं ठरलंय, मीच तिला तसं सांगून ठेवलंय.

साहेब म्हणाले, "ह्या बारा जणांचे लेखी जबाब आणा. तुमचा तेरावा, आणि तुमचाच सगळ्यात महत्त्वाचा. मग हे हॉस्पिटल सुटत नाही."

मी विचारलं, माझ्या वडिलांचं ऑपरेशन?

चौकशी पूर्ण झाल्याशिवाय जुनी नोंद काढता येत नाही म्हणाले. दोन महिने, कदाचित तीन. तातडीची म्हणून मागणी पाठवतो, पण जुनी नोंद असली की कंपनी परत तोच प्रश्न विचारते.

खोटं बोलले नाहीत, एवढं बरं वाटलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

स्वप्नालीच्या घरी गेले. परड्यात भांडी घासत होती. मी यादी दाखवली. तिनं ती बघितलीच नाही.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नुसती नावं लावतात एवढं म्हाईत होतं." हात राखेनं भरलेले तसेच. "सरकार देतंय, हॉस्पिटल घेतंय, म्हाताऱ्यांस्नी दोन दिवस जेवण मिळतंय. कुणाचं काय जात न्हाय असं वाटलं मला."

"माझ्या बापाचं जातंय."

"म्हणून तर तुला बाजूला घेऊन सांगितलं की, घरचं माणूस आणू नकोस म्हणून. तू ऐकलंस?"

तिनं माझ्या बापाला वाचवायला बघितलं होतं, आणि बाकीच्या अकरा जणांना मी खुशाल न्यावं असंही तिलाच वाटत होतं. ट्रेनिंगला आम्ही एका ताटात जेवलोय. मी दारात असताना तिनं पुन्हा एवढंच विचारलं, "माझं नाव सांगणार हाईस काय?"

२९ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी अब्बांच्या छातीत परत दुखलं. जिभेखाली गोळी ठेवल्यावर थांबलं. डॉ. स्नेहलना फोन केला. त्या म्हणाल्या, "आता लांबवू नका. पुढचा झटका हलका नसेल."

पाठोपाठ राजवीर सरांचा फोन आला. मी जिल्ह्याला जाऊन आले हे त्यांना कळलं होतं. आवाज तसाच हसरा. म्हणाले, मीरासाब चाचांची एंट्री आमच्या क्लार्ककडून चुकून पडली, असं पत्र आजच देतो. दोन दिवसात नोंद निघेल, तुमचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात, योजनेतच होईल. फक्त बाकीच्या अकरा जणांसाठी तुमचं एक पत्र लागेल. आशा म्हणून तुम्ही त्यांना हॉस्पिटलात भेटलात, त्यांच्यावर उपचार झाले, एवढंच.

मी फोन ठेवला. अब्बा भिंतीला टेकून बसले होते. "कुणाचा फोन हुता?"

दवाखान्याचा, मी म्हटलं.

"बघ, विसरलं न्हाईत आपल्याला."

३० ऑक्टोबर, गुरुवार

सही केली.

पत्र त्यांनीच टाईप केलेलं. मी दोनदा वाचलं. 'ऑपरेशन झाले' असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. 'योग्य ते उपचार मिळाले' असं आहे. गोळी दिली होती, रक्त तपासलं होतं, हेही उपचारच. दाखल असताना भेटले नव्हते, पण फोनवर चौकशी केली होती. म्हणजे अगदी खोटं म्हणता येणार नाही.

अकरा जणांचं नंतर बघता येईल. अब्बा एकदा बरे झाले की मी स्वतः साहेबांकडं जाईन. अंबूबाईच्या गुडघ्याला तसाही अवकाश आहे. गुडघ्यानं माणूस मरत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

मंजुरी आली. कृष्णात म्हणाला, "ताई, असं पत्र मी पहिल्यांदाच बघितलं. कुणाला धरलंत?"

४ नोव्हेंबर, मंगळवार

दोन स्टेंट घातले. डॉ. स्नेहलनी बोलावून फिल्म दाखवली, जाळी दिसत होती. अब्बा शुद्धीत होते, मनगटावर पट्टी. म्हणाले, "एवढंच? मला वाटलं छाती फाडतात." मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पोटभर रडले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अब्बा दुकानात जाऊन बसतात, काम करत नाहीत. गिऱ्हाईक येईल त्याला सांगतात, सरकारला नावं ठेवू नका, चूक झाली तर सुधारतात, माझ्या पोरीनं धडपड केली आणि सुधारली. मी तिथं असले तर काहीतरी काम काढून निघून जाते.

आज जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला. "तुमचं पत्र फाईलला लागलंय. तुम्हीच लिहून दिलंत म्हटल्यावर मला पुढं जाता येत नाही. चौकशी बंद करतोय." मी म्हटलं, साहेब, माझे वडील... ते म्हणाले, "कसे आहेत?" बरे आहेत म्हटलं. "बरं झालं," म्हणाले आणि फोन ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

स्वप्नालीचे दोन मेसेज आले. वाचले नाहीत. तिच्यापेक्षा मी वेगळी काय, हा प्रश्न आज दिवसभर डोक्यात आहे आणि त्याचं उत्तर मला इथंसुद्धा लिहायचं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अंबूबाई दुधाचा तांब्या घेऊन आली. अब्बांसाठी. ओट्यावर पाय लांब करून बसली, गुडघा दाबत. "मीरासाबचं बेस काम केलंस बघ. डिशेंबरापर्यंत कशाला थांबायचं? मला सोमवारी घेऊन जा की. आता तुझी वळख झालीया तितं."

सोमवारी दवाखान्यात गर्दी असते म्हटलं. नंतर बघू म्हटलं. ती म्हणाली, "गर्दीला मी भीत न्हाय. पायरी चढवंना झालीया बाई."

शेवटी हो म्हटलं. तिला आत्ताच सगळं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात अब्बा आतून तिच्या दुधाचं कौतुक करत बाहेर आले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

एसटीनं गेलो. वाटेत तिनं मला सुनेचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा बघितला आणि ऑपरेशनच करावं लागेल म्हणाले. मग खिडकी. कृष्णातनं तिचं कार्ड घेतलं, नंबर घातला, आणि थांबला.

"मावशी, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं. जूनमधी."

अंबूबाई हसली. "काय सांगतोस लेका? झालं असतं तर काठी कशाला धरली असती? हिला इचार. हीच घेऊन गेलती आमास्नी, हिला समदं ठावं हाय."

कृष्णातनं माझ्याकडं बघितलं नाही. तो स्क्रीनकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "ताई, हितं पत्र जोडलंय. उपचार मिळाले म्हणून. सही..."

मला अजूनही काहीतरी सांगता आलं असतं. सिस्टिमची चूक आहे, पत्र आणावं लागेल, दिवाळीनंतर या. हे सगळं मला आता पाठ आहे. अंबूबाई माझ्या तोंडाकडं बघत होती, तिला वाटत होतं मी ह्या पोराला आता सरळ करणार.

"सही माझी आहे," मी म्हटलं. "अंबूबाई, ऑपरेशन झालं नाही हे मला माहीत होतं. तरी मी सही केली. अब्बांच्या ऑपरेशनसाठी केली."

तिला कळायला वेळ लागला. तिनं काउंटरवरचं कार्ड उचललं, पदराच्या टोकात बांधलं. मला वाटलं ती शिव्या देईल, गावभर तिचं तोंड प्रसिद्ध आहे. तिनं एवढंच विचारलं, "मीरासाब बरा हाय न्हवं?"

"हाय."

"मग चल. शेवटची गाडी चुकंल."

स्टँडवर पायरी चढताना मी हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही, दांडीला धरून चढली, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत. माझ्या शेजारची जागा मोकळी होती. ती पुढं जाऊन एका अनोळखी बाईजवळ बसली.

घरी आल्यावर अब्बांनी विचारलं, अंबूबाईचं झालं का काम? मी त्यांच्यासमोर बसले आणि पंधरा जूनपासून सांगायला सुरुवात केली. मध्येच त्यांचा हात छातीवर गेला. मी थांबले. "दुखत न्हाय," ते म्हणाले. "तू बोल."

सगळं सांगून झाल्यावर ते उठले, टोपी घातली, आणि अंबूबाईच्या घराच्या दिशेनं निघाले. मी मागं गेले नाही.